हप्त्याची एक गोळी

अड्याळचा मेडिकलवाला मले गोळ्यांचं पुरं पाकीट देत नाही. विटामिन डी कमी आहे, मी विसरतो ते त्यानंही असंल, म्हणून डॉक्टरनं हप्त्याले एक गोळी सांगितली. मी विसरून रोजच खाल्ली. तेव्हापासून हा दर बाजाराच्या दिवशी एकच गोळी काढते अन् समोर गिळायला लावते.

"बाबाजी, उन्हात बसता का?"

"धानाच्या बांधीत का सावली रायते?"

मंग माझी याद पाहासाठी तो माझ्या मेलेल्या बायकोचं नाव विचारते. मी चिडून सांगतो.

परवा नाव आठवेचना. तेही गेलं त माझ्यापाशी उरलं काय? मांगं गिऱ्हाईकं खोळंबली. त्यानं मले स्टूल देल्ला अन् थांबला.

शेवटी म्हटलं, "पार्बता."

"बरोबर."

नाव त्याले कवाचं पाठ आहे. पण त्यानं सांगितलं नाही, माझं मलेच आठवू देल्लं.