नऊवारीतले बेचाळीस किलोमीटर

२० जानेवारी. नऊवारी मिठाच्या थंड पाण्यात भिजत घातली. शिवलेली नऊवारी, पँटसारखी पाय घालून चढवायची आणि मागे हुक लावायचे. आतून, दोन्ही मांड्यांच्या जागी, जरीच्या काठावर रक्त वाळलं होतं. साबण चोळला. डाग फिका झाला, गेला नाही. साडी संस्थेची होती, परत पाठवायची होती. ब्रश घेऊन बसले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पांढरकवड्याला पाय आखडलेल्या, उशिरा चालणाऱ्या मुलांचं एक लहानसं केंद्र चालवते. बरीचशी मुलं झरी जामणीकडच्या गावांतून आठवड्यातून दोनदा जीपने येतात. जीप नसली तर आईने पोराला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत चालायचं आणि येईल त्या बसची वाट बघायची. कोणतीही आई हे दोन-तीन वेळा करते, मग बंद करते. व्यायाम सुटला की पाय पुन्हा आखडतात आणि सगळी मेहनत मातीत जाते.

जीपचा खर्च मुंबईची एक संस्था करते. गेल्या वर्षी त्यांनी कळवलं, की यापुढे पैसा मॅरेथॉनमधून उभा करायचा. ज्या केंद्राचं माणूस धावेल, त्या केंद्रासाठी देणग्या मागितल्या जातील. आमच्याकडे माणसं तीन. मी, मदतनीस बाई आणि गुडघे गेलेला ड्रायव्हर. तेव्हा धावणारं कोण, हा प्रश्नच नव्हता.

पहाटे हायवेच्या कडेने धावायला लागले. आधी एका ढाब्यापर्यंत, मग पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले हॉर्न मारायचे. वाघ दिसल्याची बातमी आली, की आठवडाभर गावातल्या गावात चकरा. शेजारीच राहणाऱ्या माझ्या दिरांना वाघापेक्षा माझ्या ट्रॅक पँटची काळजी जास्त होती.

“वहिनी, या वयात कायले पळून राह्यल्या? लोकं मले दुकानात येऊन विचारतात, घरी भांडण झालं काय म्हून.”

“मग तुम्ही काय सांगता?”

“सांगतो, शुगर निघाली.”

“सांगा. वर थोडं बी.पी. पण सांगा.”

डिसेंबरपर्यंत पाय तयार झाले. वेग नव्हता, पण न थांबता धावता येत होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला स्वतःच्या शरीराबद्दल बरं वाटावं असं फार थोडं उरतं. मला तेव्हा बरं वाटत होतं. मुंबईला गेले ती पूर्ण अंतर धावायचंच, या तयारीने.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संस्थेच्या मॅडम पिशवी घेऊन आल्या. आत नऊवारी आणि नथ.

“ताई, ही उद्यासाठी.”

“मी टी-शर्टमध्ये धावते. सगळा सराव त्यातच झालाय.”

“टी-शर्टवाले हजारो असतात हो. गावाकडची बाई नऊवारीत धावतेय, हे लोकांना लगेच भावतं.”

“आमच्या घरात नऊवारी कोणी नेसत नाही. सासूबाईसुद्धा नेसत नव्हत्या.”

“इथे कोणाला माहीत आहे?” त्या हसल्या.

“आणि नाही म्हटलं तर?”

“तुमची मर्जी. बाकीच्या दोन केंद्रांच्या ताई तयार आहेत, एवढंच.”

मी साडी घेतली. नथ परत दिली. तेवढाच विरोध केला.

सुरुवातीलाच फोटो काढले. त्यात मी हसते आहे. ते हसणं खरं होतं, कारण पाय ताजे होते. अर्धं अंतर व्हायच्या आत जरीचा काठ मांड्या कापायला लागला. व्हॅसलीन लावलं, रुमाल कोंबले, काही उपयोग झाला नाही. दम होता, पायांत ताकद होती, आणि मी चालत होते. रस्त्याच्या कडेची माणसं टाळ्या वाजवत होती, “वा, मावशी” म्हणत होती. माझ्या मागून पोट सुटलेले पुरुष पुढे जात होते. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा कमानीजवळचे खांब काढायला सुरुवात झाली होती.

मॅडम पाण्याची बाटली घेऊन आल्या. माझी चाल बघून त्यांना खरोखर वाईट वाटलं.

“अहो, कशाला ओढत आणलंत स्वतःला? मध्येच सोडलं असतंत तरी चाललं असतं. फोटो सकाळीच मिळाले होते. देणग्यासुद्धा येताहेत.”

बाई मनाने वाईट नाही. मी बाटली घेतली.

घरी पोचले तर दीर ओट्यावर मोबाइलवर माझा फोटो उघडून बसलेले.

“झकास दिसल्या वहिनी. इथं मंग कायले पँट घालत होत्या?”

“शुगर होती ना,” म्हटलं आणि आत गेले.

साडी वाळत घालताना संस्थेचा मेसेज आला. जीप वर्षभर चालू राहील. पुढच्या वर्षीही आपणच यावं, याच वेशात. पाहणाऱ्यांना ओळख पटते. होकार लवकर कळवावा. मी उत्तर न देता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सैल गाऊन घालून, पाय फाकवत केंद्रात गेले. जीप आली. एका पोराची आई त्याला उतरवताना म्हणाली, “बाई, तुमचा कितवा नंबर आला?”

“नाही आला.”

“मंग गाडी?”

“गाडी येईल.”

तिने मान हलवली आणि पोराला माझ्या हातात दिलं. त्याला आधाराच्या दोन दांड्यांमध्ये उभं केलं, मदतनीस बाईला धरायला सांगितलं. मग कोपऱ्यात जाऊन मॅडमना कळवलं, “हो, येईन. साडी एक नंबर सैल ठेवा.”