आईची सावड

मला त्या पोरांचा अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मोठ्या शहरातल्या एका नामांकित मॅनेजमेंट कॉलेजची ती मुलं-मुली. तळेघरजवळच्या आमच्या वाडीत 'ग्रामीण जीवन समजून घ्यायला' एसी बसने आली. एरवी आमच्याकडे एसटी यावी म्हणून नवस बोलावा लागतो. यांची बस मात्र थेट आमच्या भाताच्या खाचराशी येऊन थांबली. मी मंचरला शिकलेली, थोडंफार इंग्रजी येणारी, म्हणून सरपंचांनी मला दुभाषी करून पुढे ढकललं.

नेमकी त्या दिवशी आमची सावड होती. म्हणजे आज वाडीतल्या बायका आमच्या भातलावणीला येणार, आणि मग आई एकेक दिवस त्या प्रत्येकीच्या खाचरात राबणार. मजूर लावायची ऐपत इथे कुणाचीच नाही, त्यामुळे वर्षाचं भात सावडीवरच उभं राहतं. चिखलणी झाली होती, रोपांच्या मुठी बांधून ठेवल्या होत्या, बायका पदर खोचून तयार होत्या.

प्रोफेसरांना हे सगळं फार आवडलं. मुलांना स्वतः करू द्या, म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं, तर सरपंच लगेच, "करू द्या की! पावणं हायेत." आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत पोरं खाचरात उतरलीसुद्धा, नवेकोरे गमबूट घालून.

मग नुसती जत्रा. मूठच्या मूठ एकाच जागी खुपसायची, मागे सरकताना तीच तुडवायची, घसरून पडलं की खिदळायचं, फोटो काढायचे. बायका प्लास्टिकचे कागद पांघरून बांधावर उभ्या. दुपारी प्रोफेसरांनी सगळ्यांना शाळेत बसवून सावडीबद्दल विचारलं. पैसा नाही, करार नाही, तरी सगळ्या एकमेकींकडे येतात, हे माझ्या तोंडून ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीचे तर डोळे भरून आले. तिच्या बुटांना आमच्या खाचराचा चिखल होता आणि चिखलात आमची रोपं होती.

अंधार पडायच्या आत बस गेली. दुसऱ्या दिवशी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती आणि उरलेल्या मुठी पिवळ्या पडायला लागल्या होत्या. आई शेजारच्या काकूंकडे गेली. "कालची सावड धरू नका बाई. माझी लावणी झालीच न्हाई."

"आमी आलो व्हतो ना?" काकू म्हणाल्या. "आमचा दिस गेला त्याचं काय? पावण्यान्ला तूच उतरू दिलंस."

मी काकूंशी कडाकडा भांडले. त्यांचंही खाचर लावणीवाचून पडलं होतं हे मला दिसत होतं, आणि त्यामुळे जास्तच संताप येत होता. बाकीच्याही तेच बोलल्या. आईने प्रत्येकीची सावड फेडली. दिवसभर दुसऱ्यांच्या चिखलात वाकायची आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत आमच्या. तरी अर्धं खाचर रिकामं राहिलं. भात पिकवणाऱ्या आम्ही त्या वर्षी तांदूळ दुकानातून आणला.

पुढच्या पावसाळ्याआधी कॉलेजचा निरोप आला: पुन्हा येतोय, मुलं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात. सरपंचांनी देवळात बैठक बोलावली. वाडीचं नाव होतंय, नाही कशाला म्हणायचं, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनीसुद्धा.

आई बैठकीत कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी ती मागून उठली. "येऊ द्या की भाऊ. पण औंदा तुमच्या खाचरात उतरवा. आमी समद्या येतो, बांधावर हुब्या राहतो. मग सावड फेडायला वहिनींना धाडा घरोघरी."

सरपंचांनी मोबाईल काढला आणि तिथल्या तिथे प्रोफेसरांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगून टाकलं, की पावसाने रस्ता वाहून गेलाय, यंदा बस यायची नाही.

बाहेर कडक ऊन होतं. पावसाचा अजून एक थेंब पडला नव्हता.