मीटरवरचं कुंकू

जळक्या ऑईलचा वास आला की मला खडवलीच्या नदीकाठचा तो दसरा आठवतो. मुलाने जुन्या जीपला कळव्याच्या मेकॅनिककडून इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बसवून घेतला होता. मेकॅनिकने समोर टर्बोचा दाब दाखवणारा एक गोल मीटर लावला आणि बजावलं, "काटा लाल खुणेपाशी आला की पाय उचलायचा. नाहीतर पिस्टन वितळेल." दसऱ्याच्या सकाळी मी त्या मीटरच्या काचेवरच ओल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक काढलं. मुलगा म्हणाला, "अगं आई, काटा दिसत नाही." मी म्हटलं, "पूजेचं आहे. आज पुसलंस तर बघ." त्याने कुंकू तसंच ठेवलं आणि मला घेऊन तो नदीवर गेला. वाळूचा चढ चढायला त्याने तीनचारदा जोर लावला, तसं इंजिन खडखडलं, भसाभस धूर निघाला आणि जीप बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत मी पदराने काच लख्ख पुसून ठेवली. त्याने आल्याआल्या विचारलं, "काटा कुठवर गेलेला?" मुलगा माझ्याकडे बघू लागला. मीच बोलले, "खुणेच्या खालीच होता. मी बघत होते ना." खोटं बोलायला मला जराही वेळ लागला नाही. मेकॅनिकने उन्हात इंजिनावर वाकून एकेक भाग तपासला. म्हणाला, "मग माझंच ट्यूनिंग चुकलं, मावशी." त्यानंतर त्याने टर्बोची कामं घेणंच सोडलं. बहिणीकडे जाताना त्याचं गॅरेज वाटेत लागतं. अजून हाक मारतो, "मावशी, चहा घेऊन जा." नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल, म्हणून मी बसते आणि पिते.