जाऊबाईंचा उजवा हात

माझ्या मोठ्या जाऊबाई, तुळसाबाई, देवाकडे कधी काही मागत नसत. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आम्हा दोघींचे नवरे तिथे लोखंड चढवायला जात, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत जाऊबाई देवालाच कामं वाटून देत, "देवा, तू प्लांटकडं पाय. घर मी पाहून राहिली."

घर म्हणजे दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यात मला कांदा सोलण्यापलीकडे काही करू देतील तर शपथ! मी मळलेली कणीक त्या पुन्हा मळायच्या. माझा नुसता संताप व्हायचा.

एकदा भरलेली बादली त्या एकट्याच उचलू लागल्या. मी हात लावायला गेले, तर "सरक, कांता" म्हणाल्या आणि मोरीत घसरल्या. उजवा हात मोडला. बोटांपर्यंत प्लास्टर. पण भरवून घ्यायचं नाव नाही. दार लावून डाव्या हाताने जेवायच्या. बाहेर मला हसू आवरत नसे.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आलं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा घ्यायचा विधी. लग्नापासून त्यांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. पण प्रभूची भाकर डाव्या हाताने कशी घ्यायची?

"मी नाई येत," त्या म्हणाल्या.

"कांता भरवन ना," माझे दीर म्हणाले.

"साऱ्या मंडळीसमोर? मी का लेकरू आहो?"

"रोजची भाकर देवाले मागतं ना तू? मंग आता लाज कायची?"

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" ही प्रार्थना जाऊबाई इतक्या भरभर म्हणत, की त्यात मागणं आहे हे बहुधा त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी जाऊबाई आल्या. चर्चचे पाळक भाकरीचं ताट घेऊन आमच्यापर्यंत पोचले. मी तुकडा उचलला, तर जाऊबाईंचं तोंड घट्ट मिटलेलं. माझा हात अधांतरी, मागच्या बायांच्या माना उंच. आता प्लास्टरचा हात माझ्या डोक्यात बसतो, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांचे डोळे भरले.

"देवा, मले काईच होत नाई," त्या पुटपुटल्या, "आता तूच पाय." आणि तोंड उघडलं.

मलाही रडू फुटलं. इतक्या भक्कम त्या मला बादली उचलतानाही वाटल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून कणीक मी मळू लागले. प्लास्टर निघालं, तरी मीच. प्रार्थना मात्र बदलली, "देवा, प्लांटकडं पाय, अन् घराकडंबी पाय. माह्या एकटीच्यानं होत नाई, अन् कांता मीठ लय टाकते."