ज्याच्या खुर्चीला चाकं, त्याला अधिकार

माझ्या साडूला ऑफिसात थांबासाहेब म्हणतात. हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला मी एकदा घरी बोलावून पोटभर जेवू घालणार आहे. तीस-बत्तीस वर्षं मी या माणसासाठी एक शब्द शोधत होतो, आणि त्या पठ्ठ्याने तो एका फटक्यात काढला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उंची बेताची, मान ताठ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यातलं एकही कोणी मागितलं तर चालत नाही. शाळेत तो वर्गाचा मॉनिटर होता आणि खडूंचा डबा त्याच्याकडे असायचा. गुरुजींना फळ्यावर लिहायचं असलं तरी आधी याच्याकडे खडू मागावा लागे, आणि हा विचारी, "किती लागतील?" हे तो आजही अभिमानाने सांगतो. घरी टीव्हीचा रिमोट याच्या खिशात. आंघोळीला जातानाही बरोबर नेतो. माझी मेहुणी बिचारी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून ओरडते, "अहो, आवाज तरी कमी करा!"

असा हा नग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. मेकॅनिकला चार स्क्रू हवे असले तर तीन द्यायचा आणि म्हणायचा, "आधी हे लावून दाखवा."

गेल्या वर्षी कंपनीने सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर एआय मदतनीस बसवला. विचाराल त्याचं उत्तर देतो. पण हा मदतनीस म्हणजे नवा पाहुणा. बोलायला गोड, पण घरात काय कुठे ठेवलंय ते ठाऊक नाही. त्याला कंपनीची कपाटं उघडून देणारे जे छोटे प्रोग्राम जोडतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. एक जोडलं की त्याला स्टोअरमधला साठा कळतो, दुसरं जोडलं की तो गिऱ्हाइकाला पत्र पाठवतो. कोणतं एक्स्टेन्शन कोणी नुसतं पाहायचं, कोणी वापरायचं, कोणी नवं बनवायचं, हे ठरवणारा तो ॲडमिन. मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, विचार केला की कुलपं लावायला यापेक्षा हौशी माणूस मिळणार नाही, आणि साडूला ॲडमिन केलं. त्या दिवशी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "आजपासून ऑफिसात माझ्या बोटाशिवाय पान हलणार नाही." ती म्हणाली, "मग रिमोट मला द्या."

आता याने अधिकार वाटले कसे, ते ऐका. कोणाचं काम काय, कोणाला काय लागतं, असला विचार त्याच्या डोक्याला शिवला नाही. ज्यांच्या खुर्चीला चाकं आहेत ते 'वापरणारे'. ज्यांची खुर्ची चार पायांची ते 'पाहणारे'. मेकॅनिक दिवसभर इमारतींच्या गच्चीवर उभे, त्यांना खुर्चीच नाही. त्यांना काहीच नाही. वर म्हणतो कसा, "पद्धत पाहिजे ना, साडूभाऊ!" फिरायला चाक आणि बसायला गादी मिळाली म्हणून माणसाला लिफ्टमधलं कळतं, हे ज्ञान याने कुठून मिळवलं कोण जाणे.

आणि याच कंपनीत माझी नात लागली, मुलाची थोरली. सहा महिन्यांच्या परीक्षेवर. तिला 'बनवणारी' करावं असं मॅडमनीच सांगितलं, म्हणून साडूचा नाइलाज झाला. पोरीने चार महिने खपून एक एक्स्टेन्शन बनवलं. लिफ्टचा नंबर टाकला की मदतनीस तिचा सगळा जुना इतिहास वाचून सांगतो: कधी बिघडली, काय बदललं, आता आधी कुठे हात घाल. मॅडम खूश झाल्या, पण पक्क्या होत्या. म्हणाल्या, "मेकॅनिकांनी स्वतः वापरलं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत ते त्यांच्या हातात चाललं, तर तू कायम. नाहीतर सहा महिने संपले, तू मोकळी."

घोडं इथेच अडलं. एक्स्टेन्शन दुसऱ्यांना वापरायला द्यायचं तर ॲडमिनची परवानगी हवी. नात गेली साडूच्या टेबलाशी.

"सर, मेकॅनिकांना वापरण्याचा अधिकार हवा होता."

नात्याने हा तिचा आजोबा, पण ऑफिसात सर म्हणायचं, अशी तंबी होती.

"थांबा. कशाला?"

"लिफ्टचा इतिहास वाचायला. ते नुसतं वाचतं सर, काही बदलत नाही."

"वाचतं? आज वाचेल, उद्या बदलेल. परवा मेकॅनिक मला विचारायचेच बंद होतील."

"पण विचारावं का लागतंय, सर?"

"हेच तुम्हा लोकांना कळत नाही," साडू म्हणाला आणि पेनाचं टोपण लावून बसला.

मग काय, मेकॅनिक गच्चीवरून नातीला फोन करायचे, ती आपल्या कॉम्प्युटरवर उत्तर काढून वाचून दाखवायची. लिफ्ट सुरू व्हायच्या, पण मॅडम म्हणायच्या, "हे तू चालवतेस. ते कुठे चालवतायत?" पोरगी वाळून निम्मी झाली. मी एकदा न राहवून साडूला म्हटलं, "अरे, तुझ्या एका होकारावर तिची नोकरी आहे." तर नाकाने कांदे सोलत म्हणाला, "नात्याला वेगळा नियम लावत नाही मी." जणू इतरांना होकार देऊन याचा हात दुखत होता!

त्याच सुमारास मॅडमनी त्याला सांगितलं, "आणखी एक ॲडमिन करून ठेवा. तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडत नाही," हा म्हणाला. विषय त्याने भिजत ठेवला.

उलट त्याने स्वतःचं महत्त्व वाढवायला आधीच एक अक्कल लढवली होती. दिलेला अधिकार कायमचा ठेवायचा नाही. नव्वद दिवसांनी आपोआप संपेल, की पुन्हा अर्ज करा, पुन्हा याच्या टेबलाशी उभे राहा. ही मुदत कोणाला लावायची, असं यंत्राने विचारलं होतं. याने छाती फुगवून बोट टेकवलं: 'सर्वांना'. त्या सर्वांत आपणही बसतो, हे या विद्वानाच्या ध्यानीमनी नव्हतं.

महिना संपायला चार दिवस उरले होते. साडू सकाळी येऊन बसला आणि पाहतो तर ॲडमिनचा रकानाच गायब. चष्मा पुसला. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग गुपचूप स्वतःसाठी अर्ज केला. पडद्यावर आलं: 'तुमचा अर्ज ॲडमिनकडे पाठवला आहे.' ॲडमिन कोण? तो स्वतः! आणि तो आता ॲडमिन नव्हता. गृहस्थ तासभर स्वतःच्या उत्तराची वाट पाहत बसला.

इतक्यात मुदत संपलेले बाकीचे लोक येऊ लागले. हिशेबाच्या बाई आल्या, पत्रं पाठवणारा कारकून आला. साडू प्रत्येकाला म्हणाला, "थांबा." आणि मजा ही, की दुपारपर्यंत कोणालाही संशय आला नाही! याच्याकडे अधिकार आहे आणि याच्याकडे अधिकार नाही, यात बाहेरून दिसण्यासारखा फरकच नव्हता. नातीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी इतका हसलो की कवळी हातात घ्यावी लागली.

फक्त मेकॅनिकांचं काम चालू होतं; नातीचाही अधिकार संपला होता, म्हणून ते पूर्वीसारखे आपल्या अंदाजाने हात घालत होते. मुळात त्यांच्याकडे काही नव्हतंच, संपणार काय?

दुपारी मॅडमना पत्र पाठवायचं होतं, ते जाईना. सगळं बाहेर आलं. साडूने हात वर केले, "यंत्रात बिघाड आहे." मॅडमनी यंत्र विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, बिघाड काही नाही. मालकाचं म्हणून एक मूळ खातं असतं, त्याला मुदत लागत नाही, ते उघडा. मॅडमनी ते पहिल्या दिवशी बनवून विसरून टाकलं होतं. पासवर्डाची चिठ्ठी ड्रॉवरच्या तळाशी सापडली. त्यांनी नातीला शेजारी बसवलं.

"बोल, कोणाला काय द्यायचं?"

"ज्याचं जे काम, त्याला तेवढंच, मॅडम. स्टोअरला साठा. कारकुनाला पत्रं. मेकॅनिकांना लिफ्टचा इतिहास, फक्त वाचायला."

"आणि ॲडमिन?"

"दोन ठेवा. तुम्ही एक. आणि दुसरे दादा."

दादा म्हणजे सगळ्यांत जुना मेकॅनिक. अर्ध्या तासात सगळं उरकलं. ज्याला साडूने वर्ष घालवलं ते!

शेवटच्या दिवशी मॅडम स्वतः दादाबरोबर एका आठ मजली इमारतीत गेल्या. जाताना नातीचा फोन काढून घेतला, म्हणजे मागून सांगायला नको. पोरगी ऑफिसात नखं खात बसली. लिफ्टचं दार मिटायचं आणि पुन्हा उघडायचं, बस्स, हलायची नाही. दादाने ग्रीस लागलेल्या एका बोटाने नंबर टाकला. मदतनीस म्हणाला, चौथ्या मजल्यावरचा दाराचा सेन्सर आठ महिन्यांत दोनदा बदललाय. आता सेन्सर बदलू नका, मागची तार पाहा. तार दाराच्या कडेला घासून सोलली होती. दादाने ती कापून नवी जोडली, दार मिटलं, लिफ्ट चालू लागली. मॅडम त्याच लिफ्टने खाली आल्या आणि दुसऱ्या दिवशी नातीच्या हातात कायम केल्याचं पत्र पडलं.

आता तुम्हाला वाटेल साडू लाजला असेल. छे! तो पुढच्याच रविवारी मेहुणीला घेऊन आमच्याकडे आला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला, मग नातीकडे वळला.

"दादाला सांगून मला काहीतरी अधिकार द्यायला लाव."

"कशासाठी हवा, सर? काम काय करायचंय?"

त्याने चहा फुंकला. "काम असं नाही गं. पण कोणाला काय दिलंय, ते मला दिसलं पाहिजे."

तिने दादाला सांगून तेवढं करून दिलं. आता हा दिवसभर ती यादी उघडून बसतो. बदलता काही येत नाही, वापरता काही येत नाही, आणि स्वारी तृप्त! एवढ्यासाठीच या माणसाने पोरीचे सहा महिने पाण्यात घातले असते.

परवा एका नातेवाइकांकडे पंचवीस माणसांसमोर तो म्हणाला, "हिचं मीच मार्गी लावलं. मेकॅनिकांना अधिकार द्यायचे, हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. योग्य वेळ पाहत होतो." नातीने तोंडात घास असल्यासारखी मान हलवली. मी तोंड उघडणार, तोच बायकोने माझं कोपर दाबलं. बहिणीचा नवरा ना तो! म्हणून तिथे गप्प बसलो. आज ती बहिणीकडे गेली आहे, संध्याकाळपर्यंत येत नाही, तेवढ्यात हे सगळं लिहून काढलं.