बिशपांच्या दुखवट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी

निघालो होतो लळिंगचा किल्ला बघायला. दिवाळी उरकली होती, जामनेरात बसून कंटाळा आलेला, म्हणून शनिवारी सकाळी पाठीवर बॅग टाकली. जळगावात भरीत आणि कळण्याची भाकरी हाणली (थंडीत गेलात तर हे चुकवू नका) आणि धुळ्याची एसटी पकडली. तिकीट दीडशेच्या घरात. रस्ता आता चांगला झालाय, झोप लागते.

धुळे स्टँडवर किल्ल्याकडे जायचं कसं ते विचारत होतो, तेवढ्यात शेजारच्या गाडीत चढणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "ओ भाऊ, एवढी थैली वर टाक ना." टाकली. मग म्हणाल्या, "कथा जाई ऱ्हायना?" मी किल्ला म्हणालो. त्या हसल्या. "दगडं पहाले?"

या मार्थाअक्का. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं गाव. पाऊस पडला तर शेती, नाहीतर मजुरी. त्यांचे बिशप वारले होते आणि अक्का अंत्यविधीहून परतत होत्या. डोळे सुजलेले. थैलीत पांढरं कापड होतं, पोरीच्या झग्यासाठी, येताना बाजारात घासाघीस करून घेतलेलं. रडून झालं की बाजार करायचा, यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं. मी शिरपूरच्या गाडीत कधी चढलो ते मलाच कळलं नाही.

(जाणाऱ्यांसाठी: शिरपूरहून पुढे काळीपिवळी जीप. दुपारनंतर मिळेलच असं नाही. उतरल्यावर थोडं चालायचं. पाण्याची बाटली भरून घ्या.)

वाटेत अक्कांनी झग्याचं सांगितलं. त्यांच्यात बाप्तिस्मा लहानपणी होतो आणि जाणत्या वयात दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा विधी. बिशप येतात, कपाळाला पवित्र तेल लावतात. पण बिशप अशा आडगावात काही वर्षांतून एकदा येणार. "मागला खेपले बिशप उनात, तवय मन्ही आशा मन्हासंगे उसम्हा व्हती. ऱ्हाई गयं तिनं," अक्का म्हणाल्या. यंदा राहू द्यायचं नव्हतं. कारण बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, मुकादमाची गाडी येणार आणि अर्धं गाव ऊस तोडायला गुजरातेत जाणार.

रात्री अक्कांकडेच मुक्काम केला. रविवारी मीही मिस्सेला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, जाऊन मागे बसलो. पत्र्याचं प्रार्थनागृह, खाली शेणाने सारवलेली जमीन. शेवटी तरुण फादर सूचना वाचायला उभे राहिले. दुखवट्यामुळे सणाची मिरवणूक रद्द, युवकांचा मेळावा पुढे ढकलला, ढोल-सजावट नाही. आणि दृढीकरण नवे बिशप येईपर्यंत थांबेल.

अक्का उभ्याच राहिल्या. "फादर, नवा बिशप कवय येई?"

"ते रोमहून ठरतं अक्का. बसा."

"रोमले काय माहीत, मुकादमनी गाडी कवय येस ते?"

सगळे हसले. फादरसुद्धा. पण अक्का बसेनात. "हाई पोर परत उसम्हा जाई. आखो कितला वर्सं थांबाडशात तिले?"

आशा खाली मान घालून बसली होती. हसू विरलं.

"माझ्या हातात नाही हो," फादर म्हणाले.

"मंग ज्याना हातम्हा शे त्याले फोन लावा."

फोनला रेंज फक्त टेकडीवर. तर मिस्सा संपताच फादर पुढे, मागे अक्का, मागे अख्खं गाव, सगळी वरात टेकडीवर. फादर वारा चुकवत, एका कानात बोट घालून बोलत होते. नवे बिशप येईपर्यंत कारभार पाहणारे एक वयस्कर फादर आहेत, त्यांच्याशी. खूप वेळ नुसतं "हो फादर, हो फादर" चाललं होतं. मग फोन खिशात टाकून म्हणाले, "बुधवारी ते स्वतः येतील. त्यांना तो अधिकार आहे. पण साधंच. मांडव नाही, ढोल नाही, जेवणावळ नाही."

"इतला लांबथून येतीन नि उपाशी जातीन?" अक्का म्हणाल्या. "गावनी लाज जाई."

माझी घरी परतायची वेळ झालेली. घरी फोन करून थाप मारली आणि राहिलो.

बुधवारी ते आले. पिकलेले केस, दमलेला चेहरा, गेला आठवडाभर माणसाने झोप घेतली नसावी. मिस्सा सुरू झाली. मध्ये एका प्रार्थनेत पोपचं नाव घेतात आणि मग आपल्या बिशपचं. ते पोपचं नाव घेऊन क्षणभर थांबले. बिशपच नाहीत तर नाव घ्यायचं नसतं, हे मला नंतर कळलं. पण गावाला कुठे ठाऊक? गावाला वाटलं, म्हातारे फादर विसरले. अक्कांनी पुढच्या रांगेतून हळूच आठवण करून दिली, गेलेल्या बिशपांचं नाव. मागून आणखी कुणी तेच म्हणालं. मग सगळे.

त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुढची ओळ वाचली.

आशाच्या कपाळाला तेल लागलं. झगा थोडा ढगळ झाला होता. नंतर भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. जेवणावळ नव्हे म्हणे, फक्त प्रत्येक घरातून थोडं थोडं आलेलं.

बेस्तरवारी सकाळी ट्रक आला. भांडी, कोयते, कोंबड्या, पोरं. आशा कडेला बसलेली. अक्कांनी वरूनच माझा नंबर मागून घेतला. पडावावर, ऊसतोडीच्या तळावर, रविवारी संध्याकाळी अक्काच सगळ्यांची प्रार्थना घेतात. तिकडे कोण फादर यायला? "भाऊ, तू मोबाइलवर पाहत ऱ्हाय. नवा बिशपनं नाव कळनं का माले फोन कर. तवलोंग आमी जुनंच नाव लेसूत."

घरी आलो त्याला आता बरेच दिवस झाले. मी आजवर मिस्सा पाहिली ती ही एकच, रोममध्ये काय ठरतं याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण चहा घेताना आधी तीच बातमी शोधतो. आई विचारते, एवढं काय बघतोस? तिला काय सांगणार! तिकडे उसाच्या फडाजवळ कुणीतरी फोनची वाट बघतंय.

अजून नाव आलेलं नाही. म्हणजे या रविवारीही ते जुनंच घेतील.