फळ्यावरचं उत्तर

साक्रीच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथले एक सर कधी आवाज चढवत नाहीत. दर दोन वाक्यांनी ‘काय अडचण शे?’ विचारतात, उत्तराला मात्र थांबत नाहीत.

नववीच्या मुलांना शाळेत कसं वाटतं, याचे फॉर्म वरून आले. ते भरून घ्यायला सरांसोबत मीही वर्गात होते. सरांनी सवयीने फळ्यावर उत्तर लिहून दिलं, ‘छान वाटतं.’ वर्गाने ते मुकाट्याने उतरवलं. एका मुलीने मात्र तिच्या अहिराणीत लिहिलं, ‘माले शायामा येवाले भ्याव वाटस.’ शाळेत यायचीच भीती.

‘बेटा, असं वर जायला नको,’ म्हणत सरांनी त्यावर व्हाइटनर फिरवला, फुंकर घातली आणि तिच्याच हातून ‘छान’ लिहून घेतलं.

आठवडा झाला, माझं डोकं तापलेलंच आहे. सरांनी हात पुढे केला तेव्हा व्हाइटनर मीच पर्समधून काढून दिला होता.